त्या ताटाबरोबर पाणी

"ब्लॅकबेरी कुठे खाल्लीत आपण?"

बाईंनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्यांच्या घरी पहिल्यांदाच गेलो होतो. हातात लाल वाइनचा ग्लास होता, आणि ऑफिसात कुणाकडून तरी ऐकलेलं वाक्य मी ठोकून दिलं होतं, की हिला ब्लॅकबेरीचा वास येतोय. मी जन्मात ब्लॅकबेरी पाहिली नव्हती. तसं कबूल केल्यावर त्या म्हणाल्या, "मग न खाल्लेल्या फळाची साक्ष देऊ नका. पुन्हा नाक घाला, आणि वर्ध्याला काय काय खाल्लंत ते आठवा." मी पुन्हा नाक घातलं. मग एकदम शाळेच्या वाटेवरचं जांभळाचं झाड आठवलं. खाली पडून फुटलेली, उन्हात तापलेली जांभळं. भीत भीत तसं सांगितलं. बाईंनी मान हलवली आणि पुढच्या माणसाकडे वळल्या. त्यांच्याकडे शाबासकी म्हणून तेवढंच मिळायचं.

बाई गृहविज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारण्याची आमच्यात कुणाची छाती झाली नाही. नव्या पेठेतल्या एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत कॉलेजच्या मुलींची सहल घेऊन त्या नाशिककडे एका द्राक्षमळ्यात गेल्या, तिथे कुणीतरी त्यांच्या हातात पांढऱ्या वाइनचा ग्लास दिला, आणि बाईंना त्यात पेरूचा वास आला. पेरू घातलेला नसताना पेरूचा वास येतो कसा, या एका प्रश्नापायी त्यांनी पुस्तकं मागवली, परीक्षा दिल्या आणि निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी घरी वर्ग सुरू केला. सकाळी, कारण जेवणाआधी जीभ स्वच्छ असते. संध्याकाळी येऊ का, असं विचारणाऱ्या एका गृहस्थांना त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "संध्याकाळी जे उघडं असतं त्याला बार म्हणतात. नव्या पेठेतही आहेत. शोधलेत तर सापडतील."

वर्गाचे नियम कडक होते. अत्तर, सेंट लावून यायचं नाही. 'छान' आणि 'मस्त' हे शब्द वापरायचे नाहीत. वापरले तर त्या दिवशीचे ग्लास आपण धुवायचे. आणि प्रत्येकाने घरचा डबा आणायचा. डब्यात काय असावं यावर अट नव्हती, फक्त ते आपल्या घरी नेहमी होतं तसंच हवं. वाइन आहे म्हणून त्यात चीज किसून आणलेलं त्यांना खपायचं नाही. कात्रजहून एक मुलगी यायची, ती आईच्या हातची भरली वांगी आणायची. मी विश्रांतवाडीला भाड्याने राहायचो आणि आमच्याकडचा मटणाचा झणझणीत रस्सा स्वतः करून न्यायचो. पुस्तकांत लिहिलेलं असतं की मटणाबरोबर लाल वाइन. मी तशी जोडी लावली आणि पहिल्याच घोटाला डोळ्यांतून पाणी आलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "तिखटावर तुरट ओतलं की आगच होणार. कच्चं केळं खाऊन वर मिरची चावलीस, तर दुसरं काय होईल?" मग त्यांनी फ्रिजमधून गार, किंचित गोडसर पांढरी काढली. रश्शाचा तिखटपणा होता तिथेच राहिला, पण तो आता अंगावर येत नव्हता. मी म्हणालो, "बाई, आता हे जमून राहिलंय." त्या म्हणाल्या, "राहू दे. हलवू नकोस."

वांग्यांना त्यांनी लाल लावली, पण माठाच्या ओल्या फडक्याशी टेकवून ठेवून गार केलेली. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असं सगळे म्हणतात, त्यावर त्या म्हणायच्या, ती खोली युरोपातली. एप्रिलमधली नव्या पेठेतली नव्हे. सुरळीच्या वडीला पांढरी, थालीपिठाला बुडबुड्यांची. पिठलं मात्र कुणी आणलं की त्या बाटलीला हातच लावायच्या नाहीत. "याला कांदा मिळालेला आहे," म्हणायच्या, "सुखाने नांदतायत. आपण कशाला मध्ये पडा?"

त्या स्वतः वाइन गिळत नसत. तोंडात घोळवून थुंकायच्या, आणि आम्हालाही थुंकायला लावायच्या. त्यासाठी टेबलाच्या मधोमध एक जड पितळी पिकदाणी ठेवलेली असे, चिंचेने घासून लख्ख केलेली. ती त्यांच्या आजोबांची. आम्हाला त्या पिकदाणीची गंमत वाटायची. ती कशाच्या बदल्यात तिथे आली आहे हे कळल्यावर मात्र मला तिच्याकडे नीट बघवेना.

बाईंचे धाकटे भाऊ त्यांच्याच डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहायचे. बँकेतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मुलगा परदेशात. आम्ही त्यांना वरचे काका म्हणायचो. आई लवकर गेल्यामुळे या भावाला बाईंनीच वाढवलं होतं. स्वतः शाळेत जायच्या वयात त्या त्याला डबा करून द्यायच्या. काकूंच्या मागे काका दोन्ही वेळा खाली बहिणीकडेच जेवायचे. बाईंनी वर्ग सुरू केला तेव्हाही जेवायचेच, नाक मुरडत का होईना. पण एका रविवारी ते काही कामाने खाली आले आणि त्यांनी टेबलावर ती पिकदाणी पाहिली. आजोबांच्या पिकदाणीत दारू थुंकतेस, असं ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले. बाई म्हणाल्या, "आजोबा त्यात तंबाखूच थुंकायचे. तीर्थ नव्हे." आम्ही हसलो. हसायला नको होतं, पण वाक्यच तसं होतं. काकांचा चेहरा उतरला. "यापुढे तुझ्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही," एवढं बोलून ते वर गेले, आणि खरोखरच प्यायले नाहीत.

भांडण म्हणावं तर पुढे काहीच नव्हतं. दोघं जिन्यात भेटले की बोलायचे. टँकर कधी येणार, लाइटचं बिल कुणी भरलं, सोसायटीच्या सभेत कोण काय बरळलं. बाईंना बरं नसलं की औषधं काकाच आणून द्यायचे. दारातून. आत पाऊल टाकायचे ते हॉलपर्यंत, आणि खुर्चीवर बसले तरी पाणी विचारायची सोय नव्हती. जेवणासाठी त्यांनी मेसचा डबा लावला होता. तो डबेवाला जिना चढून वर जायचा तेव्हा आमचा वर्ग ऐन रंगात असायचा, आणि बाई बोलता बोलता थांबायच्या. दार बंद असायचं, तरी त्यांना वास यायचा. "फ्लॉवर," म्हणायच्या. "खाली लागलेला. त्यात साखर घालून झाकायचा प्रयत्न केलाय." मग हातातला ग्लास पुन्हा नाकाशी न्यायच्या, पण पुढची पाच मिनिटं त्यांचं लक्ष नसायचं. एवढं तल्लख नाक असणं ही काय शिक्षा असू शकते, हे मला त्या घरात कळलं. आम्ही करवंद, कैरी, लिंबाचं पान असं शोधत बसायचो आणि त्यांना जिन्यातून भावाचं करपलेलं जेवण ऐकू यावं तसं कळायचं.

आणि भाऊबीज चुकवायची नाही, हे दोघांचं न बोलता ठरलेलं होतं. काका संध्याकाळी बरोबर दिवेलागणीला खाली यायचे, इस्त्रीचा सदरा घालून. हॉलमध्ये उभ्या उभ्या ओवाळून घ्यायचे. ओवाळल्यावर तोंड गोड करावं लागतं, तर त्यासाठी काका बुधवार पेठेतून पेढ्यांचा पुडा स्वतःच घेऊन यायचे. त्यातला एक पेढा बाई त्यांच्या तोंडात घालायच्या. म्हणजे पाहा, रीतही मोडली नाही आणि शब्दही. ओवाळणी ताटात टाकून काका वर निघून जायचे, आणि आत स्वयंपाकघरात पाट मांडलेला तसाच राहायचा.

त्या पाटावर मी बसायचो. दिवाळीचे पहिले दोन दिवस घरी काढून पाडव्याला सकाळीच परत यायचो, कारण भाऊबीजेला सुट्टी संपलेली असायची, आणि बाई ऑफिस सुटल्यावर जेवायला बोलवायच्या. पहिल्या वर्षी मला वाटलं होतं की मलाही ओवाळतील. त्या म्हणाल्या, "तुला बहीण आहे ना वर्ध्याला? तिला फोन कर. उगाच ओवाळून घेत फिरू नकोस." ताट मात्र पुढे आलं ते भरगच्च. डाळिंब्यांची उसळ, मसालेभात, पंचामृत, पुऱ्या, आटवलेली बासुंदी. उसळीचे वाल भिजवून, मोड आणून आदल्या दिवशी आम्हालाच सोलायला बसवलेलं असायचं, त्यामुळे त्या उसळीत किती जिवाचं मोल आहे हे मला नखांवरून कळत होतं. सगळं काकांच्या आवडीचं. बासुंदीत वेलदोडा नव्हता, जायफळ होतं, कारण धाकट्याला वेलदोडा दाताखाली आलेला चालत नाही.

मी वर्गातल्या सवयीने विचारलं, की बाई, या ताटाबरोबर काय लावाल? पांढरीतली कुठली? बाई वाढता वाढता थांबल्या. म्हणाल्या, "पाणी." आणि तांब्या-भांडं माझ्यापुढे सरकवलं. आईचं तांब्या-भांडं, रोज वापरातलं नाही, त्या दिवसापुरतं काढलेलं.

खरं तर मला ते आधीच लक्षात यायला हवं होतं, कारण घरात त्या दिवशी दुसरं काही नव्हतंच. दिवाळीच्या आदल्या रविवारी बाई आमच्याकडून सगळे ग्लास कागदात गुंडाळून खोक्यांत भरून घ्यायच्या. सगळ्या बाटल्या, उघडलेल्या, न उघडलेल्या. पिकदाणीसुद्धा. ती खोकी आम्ही खाली नेऊन रिक्षात घालायचो आणि माझ्या विश्रांतवाडीच्या खोलीत नेऊन ठेवायचो. मग बाई सोडा टाकून ओटा, फ्रिज, टेबल घासून काढायच्या. तुळशीचं लग्न झालं की खोकी परत. असं दर वर्षी. फाटकापाशी रिक्षाशेजारी खोकी टेकवून वर पाहिलं की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत काका कठड्याला हात टेकून उभे असायचे. खोक्यांतल्या काचा वाजल्या की ते आत निघून जायचे, रिक्षा सुटेपर्यंत कधी थांबायचे नाहीत.

एकदा वाल सोलता सोलता मी धीर करून म्हटलं, "बाई, काकांना सांगा ना एकदा, की त्या दिवशी घरात थेंब नसतो. मग जेवतील की ते."

बाईंनी हातातला वाल सोलून वाटीत टाकला. "त्याला विचारायला काय झालं?" म्हणाल्या.

मी म्हणालो, मी सांगू का वर जाऊन? त्यावर त्या इतक्या रागावल्या की मी वाटी घेऊन गॅलरीत जाऊन बसलो. माझी वकिली कुणी करायची नाही, ज्याला जेवायचं असेल तो पाट बघेल, असं बरंच बोलल्या. थोड्या वेळाने स्वतःच गॅलरीत आल्या आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "लहानपणी सोलताना निम्मे वाल कच्चेच खायचा. मग पोट दुखायचं त्याचं." मला वाटलं आता पाघळल्या. पण तेवढ्यात वरून नळाचा आवाज आला आणि त्या म्हणाल्या, "नळ वाहतोय वर. विसरला असेल. याला ना, स्वतःचं काही कळत नाही." आणि फोन लावून काकांना नळ बंद करायला सांगितलं. त्याच फोनवर पुढचं एक वाक्य बोलायला किती वेळ लागला असता? मी समोर बसून वाट बघत होतो. त्यांनी फोन ठेवला.

या दोघांचा मला खूप राग यायचा, आजही येतो. पण एक खरं, की दोघंही आपापल्या जागी वाटच बघत होते. नुसता हट्ट असता तर बाईंनी दर वर्षी घर घासलं नसतं, आणि काकांनी पेढ्यांचा पुडा आणला नसता. काका पेढे कधी जास्त आणायचे नाहीत. दोनच पेढ्यांचा पुडा मागितला की दुकानदार काय तोंड करत असेल, ते करो. एक त्यांना भरवायचा, एक बाईंना ठेवायचा. बाई तो पेढा दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर खायच्या. एकदा मी तो खाऊ का विचारलं तर चक्क नाही म्हणाल्या.

बाई गेल्या उन्हाळ्यात गेल्या. फार आजारी पडल्या नाहीत. ताप आला, दवाखान्यात ठेवलं, तिथेच संपलं. दवाखान्यात काका रोज बसायचे. बाईंना तोंडाने काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, आणि काका तर तिथलं काही खात नसत. आता पाणी पाजायला काका जवळ होते आणि बाईंना ते घेता येत नव्हतं, असं सगळं उलटसुलट होऊन गेलं होतं. मी गेलो की काका उठून मला जागा द्यायचे आणि बाहेर जाऊन उभे राहायचे. बाई शेवटी शेवटी फारशा बोलत नव्हत्या. एकदा मी जवळ वाकलो तर म्हणाल्या, "सॅनिटायझर लावून आलास. वर्गात चाललं नसतं."

दिवस झाल्यावर महिनाभराने काकांनी मला फोन केला. खालचं घर आवरायचं होतं. ग्लास, बाटल्या, पुस्तकं तुम्ही लोक घेऊन जा, म्हणाले, मला त्यातलं काही नको. मी आणि ती कात्रजची मुलगी रविवारी गेलो. काका हॉलमधल्या त्याच खुर्चीत बसून होते, एरवी येऊन बसायचे तसे, आणि आम्ही आत खोकी भरत होतो. घर बंद राहून कोंदट झालं होतं. बाई असत्या तर दारातच म्हणाल्या असत्या, कुठल्या कपाटात काय कुबटलंय ते.

मी ग्लास कागदात गुंडाळत होतो. काका बघत होते. मग म्हणाले, "दिवाळीत मागवायचात तीच ना ही खोकी?"

मला कळलं नाही. मी विचारलं, "मागवायचो म्हणजे?"

"दर दिवाळीला रिक्षा भरून यायची. मी वरून बघायचो. म्हटलं, सणाच्या दिवशी तरी नको होती. एवढा स्वयंपाक करायची ती. वास यायचा ना वर. डाळिंब्यांचा वास काय लपतो? मी सदरा घालून बसलेला असायचो दुपारपासून. वाटायचं, जाऊन बसावं पाटावर. पण तुमचं सगळं आत मांडलेलं असणार. कसं बसायचं?"

मी हातातला ग्लास खाली ठेवला. त्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. न सांगता गप्प बसणं जमलं असतं, आणि कदाचित तेच बरं झालं असतं. म्हातारा माणूस, आता एकटा. पण ते सरळ माझ्याकडे बघत होते आणि बाईंच्या घरात उभं राहून खोटं बोलायची मला सवय नव्हती.

"काका, खोकी येत नव्हती," मी म्हणालो. "जात होती. सगळं माझ्या खोलीवर नेऊन ठेवायचो. पिकदाणीसुद्धा. तुळशीचं लग्न होईपर्यंत घरात काहीही नसायचं."

काकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणि त्या ताटाबरोबर काय प्यायचात?"

"पाणी. तुमच्या आईच्या तांब्यातलं. बाई म्हणायच्या, या ताटाबरोबर पाणीच."

काका खुर्चीतून उठले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेले. मी मागे गेलो. ते ओट्यापाशी उभे राहून सगळीकडे बघत होते. पाट भिंतीशी उभा करून ठेवलेला होता. फळीवर तांब्या-भांडं होतं, काळं पडायला लागलेलं.

"मग मला सांगायला काय झालं होतं तिला?" ते म्हणाले.

मला बाईंचं उत्तर पाठ होतं. ते मी त्यांना सांगितलं नाही, कधी सांगणारही नाही.

काकांनी फळीवरून भांडं काढलं, सदऱ्याच्या टोकाने आतून पुसलं आणि माझ्यापुढे धरलं. "थोडं पाणी द्या," म्हणाले.

मी माठाकडे वळलो. माठ रिकामा करून पालथा घातलेला होता. नळ सोडून पाहिला, तोही कोरडा. घर बंद म्हणून पाण्याचा खालचा कॉक काकांनीच बंद करून घेतला होता. माझ्या पाठपिशवीत पाण्याची बाटली होती, ती मी घाईघाईने काढून पुढे केली. काकांनी बाटलीकडे पाहिलं, भांडं मागे घेतलं.

"नको," म्हणाले. "ते इथलं नाही."

भांडं त्यांनी होतं तिथे ठेवलं नाही, बरोबर घेऊन वर गेले.